सातवी पायरी

“पायरी तुम्ही मोडकी ठेवली, बाई आमची मेली, आन् तोल बी आमचाच बघायला आलात व्हय?”

शाळेच्या ओसरीवर सरजाबाई एक पाय उचलून उभी होती. बोलत होती ती समोरच्या नर्सबाईशी, पंचफुलाबाईशी नव्हे, तिच्या हातातल्या शिक्क्याच्या कागदाशी. पंचफुलाबाई घड्याळाकडे बघून आकडे मोजत होती. सहा म्हणेपर्यंत म्हातारीचा पाय खाली टेकला.

“बगळा तरी बरा गं,” मागच्या रांगेतली रुक्मिणबाई हसली.

“बगळ्याला तळं असतंय. मला काय हाय?”

जिल्हा नवा झाला होता. लातुरात पाट्या रंगल्या, खुर्च्या आल्या. देवणीकडच्या या गावात पाणी मात्र जुन्याच विहिरीच्या तळाला, तेही दोन कोरड्या वर्षांनंतर उरलेलं. वीस दिवसांपूर्वी लक्ष्मम्मा भरली घागर घेऊन वर येताना पडली. खुबा मोडला, आठव्या दिवशी गेली. वरून कागद आला: वृद्धेचा तोल गेल्याने मृत्यू. त्याच्यामागे दुसरा: साठीपुढच्या बायांचा तोल तपासा, त्यांना शिकवा, ज्यांच्या कार्डावर ‘धोका’ त्यांना विहिरीत उतरू देऊ नका. पायरीबद्दल दोन्ही कागदांत एक अक्षर नव्हतं.

पंचफुलाबाईने शिकवायचं ते वाचायला घेतलं.

“ओल्या जागेवरून चालू नये.”

“ओली जागा? दाव की माय, हात जोडून येते,” रुक्मिणबाई म्हणाली. सगळी ओसरी हसली.

“कठड्याला धरून उतरावं.”

विहिरीला कठडाच नव्हता. यावर कुणी हसलं नाही.

सरजाबाईने भिंतीकडची रिकामी घागर उचलली, चुंबळ डोक्यावर बसवली, वर घागर ठेवली आणि पुन्हा पाय उचलला.

“आता मोज.”

तीस झाले. घागर जागची हलली नाही.

“बिनओझ्याचं उभं ऱ्हायची सवयच न्हाई मला. धोका लिहू नको माय. घरी म्हातारा आंधळा हाय. त्याला पाणी कोण देईल, हे कागदवालं?”

पंचफुलाबाईचं पेन थांबलं. ‘धोका’ लिहिला तर आजपासून घागर बंद. ‘ठीक’ लिहिलं आणि उद्या ही पडली, तर वरचे म्हणणार, तपासली होती की, तिचंच चुकलं. खाली सही पंचफुलाबाईची.

“चला मावशी, मला विहीर दाखवा.”

दुपारच्या उन्हात पायऱ्या तव्यासारख्या तापल्या होत्या. घागर घेऊन सरजाबाई पुढे, चपला काठावर सोडून नर्सबाई मागे. सहाव्या पायरीवर म्हातारी बसली. सातवी नव्हतीच. भिंतीत नुसतं भगदाड होतं आणि आठवी पार खाली. सरजाबाईने घागर आधी खाली टेकवली, मग पाय लोंबता सोडला आणि भिंतीला अंग घासत उतरली.

“असं. वर येताना बी आधी घागर, मग जीव.”

पंचफुलाबाईने पाय सोडला. तळव्याला आठवी लागेना. हात भिंतीवरून फिरला. धरायला एक खुंटीसुद्धा नव्हती. मागे येता येईना, खाली जाता येईना. खालून एका खरबरीत हाताने तिचा घोटा पकडला आणि पाय दगडावर टेकवला.

“मोजू का, बाई?” सरजाबाईने विचारलं.

नर्सबाईने पदराने डोळे पुसले. घाम डोळ्यांत गेला होता.

वर आल्यावर तिने काठावरच बसून एक कोरं कार्ड काढलं. नाव: गावची विहीर. वय: निजामाच्या वेळची. धरायला आधार: नाही. निकाल: धोका. सरजाबाईचं कार्ड तसंच कोरं ठेवून तिने हे गठ्ठ्यात सगळ्यांत वर बांधलं. मग काय वाटलं कोण जाणे, गाठ सोडली आणि सल्ल्याच्या रकान्यात, सहीच्या वर, पेन दाबून लिहिलं:

‘लक्ष्मम्माचा तोल गेला म्हणून तुम्ही लिहिलंत. सातवी पायरी कुठे गेली? त्याचं उत्तर लेखी द्या.’