शून्य मीटरवरचे दुकान

मी एक जुना क्रम लावणारा प्रोग्राम आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि खरे सांगायचे तर फारशी अक्कलही नाही. शहरातल्या दुकानांच्या यादीत कोणी काही शोधले, की त्याच्या फोनपासूनचे अंतर मोजायचे आणि जवळचे दुकान वर, लांबचे खाली लावायचे, एवढेच माझे काम. मला घडवणारी ताई म्हणायची, "घाईतला माणूस पहिलंच नाव बघतो. ते चुकवू नकोस रे बाबा." सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पुढे ताईने नोकरी सोडली आणि माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहीनासे झाले.

एका दुपारी एका मुलीने फोनच्या माइकवर विचारले, "ऑक्सिजनचं मशीन दुरुस्त करणारे, जवळचे." मागे कोणीतरी खोकत होते. "बाबा, सिलिंडर तासभर पुरेल. मी आलेच!"

मी पाच नावे लावली. पहिले सहा किलोमीटरवरचे. तिथला फोन लागेना, तेव्हा मशीन गाडीत टाकून ती तशीच निघाली.

चाळीस मिनिटांनी ती त्या दुकानासमोर पोचली आणि तिने मला पुन्हा तेच विचारले. मी पुन्हा इमानदारीने मोजले. तेच दुकान पहिले. अंतर शून्य मीटर!

"अहो, हे तर बंद आहे!" ती रडकुंडीला आली होती. माइक अजून चालू होता.

शेजारचा शिंपी म्हणाला, "तो मेकॅनिक तीन वर्षांपूर्वीच गेला की! शटरवर कागद लावला होता त्यानं, फाटला कधीच. आता मोठ्या शाळेमागच्या गल्लीत बसतो."

"शाळेमागं? अहो, आमचीच गल्ली ती!"

मित्रांनो, दुकान हलवताना त्या मेकॅनिकने शेजाऱ्यांना सांगितले, गिऱ्हाइकांना सांगितले. मला सांगायचे तेवढे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिची क्षमा मागावी, तर मला तोंड नाही.

ती परत गल्लीत पोचेपर्यंत तास केव्हाच उलटून गेला असणार. त्यानंतर तिने मला काहीच विचारले नाही. तिच्या बाबांचे काय झाले, हे मला कोण सांगणार?

आज सकाळी आणखी एकाने तेच विचारले. मी तेच बंद शटर पहिले लावले. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी त्या शाळेत जात असेल, तर मागच्या गल्लीतल्या मेकॅनिककाकांना एवढे सांगा, यादीतला पत्ता बदला. मला तो बदलता येत नाही.