समासातली ओळ

हरिचंद्रचं पत्र १९८६च्या ऑगस्टमधलं. "श्रीपादराव, सहावी तार एक स्वर खाली लावावी, ही सूचना मी पहिल्या पानावर लिहिली होती, की लिहायलाच विसरलो? मूळ कागद तुमच्याकडे आहेत. पाहून कळवा." मी कळवलं नाही.

हरिचंद्र बदलापूरजवळच्या खरवईचा. उल्हासनगरात सिंध्यांच्या लग्नांत तो सिनेमाची गाणी वाजवायचा आणि घरी पाश्चात्त्य अभिजात गिटारसाठी स्वतःच्या रचना लिहायचा. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. माझा हात सुबक, म्हणून परदेशातल्या स्पर्धेसाठी त्याने सतरा पानं माझ्याकडे नकलायला दिली. स्वरलिपी मला वाचता येत नव्हती. रेघा आणि ठिपके तेवढे नेमके उतरवले. चौकटीबाहेर खरडलेलं ट्रेस करायचं नाही, ही नोकरीतली सवय. ती सूचना समासात होती.

स्पर्धेचं उत्तर आलं: या रचनेतले खालचे स्वर गिटारवर निघतच नाहीत, रचनाकाराला वाद्याची माहिती दिसत नाही. पाठोपाठ हरिचंद्रचं ते पत्र. मी मूळ पान काढलं. निळ्या शाईत ओळ स्वच्छ होती. उत्तर लिहायला बसलो, फाडलं. असं करता करता नऊ वर्षं गेली.

गेल्या आठवड्यात बदलापूरच्या वाचनालयात त्याची मुलगी भेटली.

"काका, ओळखलंत का? मी मीनल, हरिचंद्रांची."

"बाबा नवीन काही लिहितात?"

"छे हो! गिटार माळ्यावर. लग्नांत आता कॅसिओवाले असतात. आई चिडवते, 'साहेब जगाला वाजवून दाखवणार होते, तार लावायचं सांगायलाच विसरले!' बाबा आधी भांडायचे. आता म्हणतात, खरंय, आपली तेवढी अक्कलच नव्हती."

मी हातातलं पुस्तक उगाच चाळत राहिलो.

"तुमचं मात्र नाव काढतात हं. म्हणतात, 'श्रीपादरावांनी मुद्दामच उत्तर दिलं नाही. चूक माझीच होती हे मला सांगवेना त्यांना. असा माणूस मिळत नाही.'"

घरी येऊन मूळ पान पाकिटात घातलं. सोबत लिहिलं, "सूचना तू लिहिली होतीस. मी गाळली. आणि हे मला तुझं पत्र आलं त्याच दिवशी कळलं होतं." शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, दोनदा परत लिहिलं.

साध्या टपालपेटीत टाकलं असतं, तर ते वाटेत हरवावं अशी आशा धरून बसलो असतो. म्हणून पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.