लाल दोरा आणि मेलेले पोरकिडे

चाळिसाव्या दिवशी डेड्झाच्या डोंगराखालचं ते अख्खं गाव चर्चपुढच्या आंब्याखाली लोटलं. प्रेषित म्हणवणाऱ्या झकारियाने पहिल्या पोत्याचा लाल दोरा सोडला आणि ओंजळभर मका सुपात ओतला. दाणा ठणठणीत होता आणि पोरकिडे त्यात मरून पडले होते. बायकांनी जिभा हलवून किलकाऱ्या दिल्या.

"औषध नाही, धुरी नाही," झकारिया म्हणाला. "किड्यांनी माझी प्रार्थना ऐकली आणि जागच्या जागी प्राण सोडले."

किड्यांना प्रार्थना ऐकू येते, ही बातमी शेतीखात्यालाही नवीन होती.

कापणीनंतर त्याने घरोघरी प्रत्येक पोत्यावर हात ठेवून लाल दोरा बांधला होता. पोत्यामागे टोपलीभर मका घेतला होता. अट एकच, चाळीस दिवस गाठ सोडायची नाही. संशयाने सोडली तर आशीर्वाद उडून जाईल.

एकामागून एक पोती सुटली, सगळी चोख निघाली. मग एसिनाती आजीचं सुटलं आणि त्यातून नुसतं पीठ सांडलं, वळवळत्या किड्यांसकट. म्हातारी एकटी राहायची. तिचं वर्षाचं अन्न त्या पोत्यात होतं.

झकारिया दोन पावलं मागे सरला. "ज्या घरात चेटूक असतं," तो म्हणाला, "तिथे प्रार्थना शिरत नाही."

गेल्या वर्षी पलीकडच्या गावात एका म्हातारीचं घर असंच बोलता बोलता पेटवलं होतं. मागे कुणीतरी काडेपेटी मागितली.

शेतीसल्लागार फालेसी हे गर्दीतून पाहत होती. ती पोती तिनेच वाटली होती. मदतीच्या योजनेतून आलेली, आत प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या असलेली. वाटपाच्या दिवशी पाहुण्यांना परतायची घाई होती. फोटो झाले, आणि तोंड घट्ट बांधा एवढंच तिने सांगितलं. घट्ट का, ते सांगायचं राहून गेलं. त्या राहिलेल्या जागेत या बुवाने आपलं दुकान थाटलं होतं.

ती पुढे घुसली. आजीचं पोतं रिकामं करून तिने आतल्या पिशव्या उन्हासमोर धरल्या. तळाशी उंदराने कुरतडलेली भोकं होती.

"हे बघा चेटूक," ती म्हणाली. "याला चार पाय आणि शेपूट आहे. अहो, किड्यालाही श्वासाला हवा लागते. तोंड घट्ट बांधलं की आतली हवा संपते आणि तो गुदमरून मरतो. भोक पडलं की खुशाल जेवत बसतो. दोऱ्याचा काही संबंध नाही."

"मग माझ्या प्रार्थनेशिवाय राखलेलं एक तरी पोतं दाखव," झकारिया हसला.

फालेसीने चौफेर पाहिलं. सगळ्यांनीच प्रार्थना करून घेतली होती. तेवढ्यात गावप्रमुख नासिबेकोबाई उठल्या. त्यांची मान खाली होती.

"माझं आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी मयतीला गेले होते. परतल्यावर लोक काय म्हणतील म्हणून कमरेला गुंडाळायच्या चितेंजेची लाल दशी काढून मीच बांधली."

पोतं आणलं, सोडलं. दाणा तसाच ठणठणीत, किडे तसेच मेलेले. आपली सायकल कुठे लावली आहे ते झकारियाला एकाएकी आठवलं.

त्याच्यामागे कुणी धावलं नाही. काडेपेटीही कुणी पुन्हा मागितली नाही. एसिनाती आजी मात्र खाली बसून पीठ सावडत होती. फालेसी शेजारी बसली, नवं पोतं आणून देईन म्हणाली.

"पोतं देशील गं बाई," आजी म्हणाली. "पण हे तुला आधीपासून ठाऊक होतं ना? मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

फालेसी तिच्याबरोबर पीठ सावडू लागली.

म्हणून सांगणं एवढंच. कुणी पोतं देवो, औषध देवो की आशीर्वाद, घेण्याआधी 'का' ते विचारा. आणि देणाऱ्यांनो, कुणी विचारायची वाट पाहू नका. तुमचा एक 'का' सांगायचा राहतो आणि एखाद्या म्हातारीवर घराला मुकायची वेळ येते.