केशवरावांचा आवाज

पिंपळगाव राजात त्या हिवाळ्यात एका सावकाराच्या खुनाची गोष्ट चालली होती. पुण्याच्या एका साप्ताहिकात ती तुकड्यातुकड्याने छापून येई. अंक खामगावच्या मोटारीने उकंडराव पाटलांकडे पोचे, आणि रविवारी दुपारी, जेवणं आटोपून गाव जरा सैल झालं, की मारुतीच्या पारावर तुळशीराम माळी तो मोठ्याने वाचून दाखवी. अंक पाटलांचा, डोळे आणि गळा तुळशीरामचा, अशी ती वाटणी होती. ऐकायला निम्मं गाव जमे. पुरुष पारावर, बाया खाली सावलीत तुरीच्या शेंगा सोलत, आणि सगळ्यांच्या पुढे, पाराला टेकून, तुळशीरामची आई गोजरबाई. तिचे डोळे मोतीबिंदूने कधीच गेले होते. सून अन्नपूर्णा तिला हाताला धरून आणी आणि गोष्ट संपली की हाताला धरून नेई.

तुळशीराम नुसतं वाचत नसे. चौथीपर्यंत शिकलेला, नाल्याकाठच्या मळ्यात वांगी-मेथी लावणारा हा माणूस अंक हातात आला, की ज्याचं बोलणं त्याचा आवाज काढी. मधला मजकूर तो पोथीच्या चालीवर म्हणे. गुप्तहेर बोलू लागला, की दौऱ्यावर येणाऱ्या नायब तहसीलदाराचा खर्जातला, घसा खाकरून बोलणारा आवाज निघे. डॉक्टर बोलला, की दवाखान्यातल्या कंपाउंडरचा नाकातला. खानावळवाल्या बाईला त्याने स्वतःच्या सासूचा आवाज दिला होता, आणि तो निघाला की अन्नपूर्णा पदराचा बोळा तोंडात धरून हसे.

केशवराव गोष्टीत जरा उशिरा आले. ते पुण्यातल्या एका पेढीवरचे कारकून होते, एकटे, भाड्याच्या खोलीत राहणारे, कोणाच्या दारात उभे राहिले तर आधी "येऊ का आत?" असं विचारणारे. तोवर तुळशीरामजवळचे आवाज वाटून संपले होते, म्हणून या गृहस्थांचं बोलणं तो आपल्या रोजच्या आवाजात वाचू लागला. त्यात त्याला विशेष काही वाटलं नाही. पण केशवरावांचा गावाला लळा लागला तो लागलाच. त्यांनी खानावळवालीच्या आजारी पोराजवळ बसून दुपार काढली, त्या रविवारी बायांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. पुढे पुढे गावात कोणी कोणाकडे गेलं, तरी उंबऱ्यावर थांबून "येऊ का आत?" म्हणे, आणि आतलं माणूस हसून "या, केशवराव," म्हणे.

आणि पौषातल्या एका रविवारी केशवरावांचा खून झाला.

सावकाराला कोणी मारलं ते केशवरावांना कळलं होतं. ते नाव सांगायला गुप्तहेराच्या घराचा जिना चढू लागले, वरच्या पायरीवर कोणीतरी उभं होतं, केशवराव "अरे, तुम्ही?" एवढं म्हणाले, आणि त्यांच्याच उपरण्याने त्यांचा गळा आवळला गेला. अंकातला मजकूर तिथे संपला. तुळशीरामने अंक मिटला.

मोतीराम शिंपी सगळ्यांत आधी बोलला. "लिहिनाऱ्याचा हात मोडला पाह्यजे. एवढे नालायक लोक हायेत गोष्टीत, ते सोडून याले केशवरावच सापडला काय?"

"डाक्टरानं मारलं त्याले," एकजण म्हणाला.

"डाक्टर नाई बे. खानावळवाली."

"तिचा तं जीव व्हता त्याच्यावर."

"म्हनूनच म्हनतो ना."

कोणी हसलं नाही. उकंडराव पाटील काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "मरत नाई तो. पुढच्या अंकी जिता निंगते पाहा. हे पेपरवाले असंच करतेत." बायांमध्ये मात्र दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला होता. गोजरबाई रडत नव्हती. ती सुनेला विचारत होती, "त्याले ना बायको, ना पोर. त्याचं आता कोन करीन वं?"

गुरुवारी बाजारात तुळशीराम नेहमीच्या जागी पोतं अंथरून बसला आणि नेहमीसारखा ओरडला, "मेथी घ्या, वांगे घ्या, कवळे मुळे!" शेजारच्या दुकानावरची घासाघीस थांबली. वांगी निवडत असलेली एक बाई हातातली दोन वांगी हळूच परत ठेवून उठली आणि निघून गेली. त्याने पुन्हा हाक दिली, तेव्हा पलीकडच्या हळदवालीने कानांवर हात ठेवले. उन्हं चढेपर्यंत त्याच्या पोत्याभोवती इतकी मोकळी जागा झाली होती, की त्यात एक कुत्रं खुशाल आडवं झालं.

मोतीराम त्याच्याजवळ येऊन उकिडवा बसला. "तुळश्या, आज वरडू नको ना बे."

"काऊन?"

"लोकायले कसंतरी होते. मलेही होते. तू बोलला का केशवराव बोलल्यावानी वाटते."

"अरे, आवाज माहा हाय."

"हाव ना, तुहाच हाय," मोतीराम त्याच्याकडे न बघता म्हणाला. "पन तो मेला ना."

तुळशीराम हसला. मग कंपाउंडरच्या नाकातल्या आवाजात त्याने "मेथी घ्या, ताजी मेथी, दोन वेळा घ्यावी, जेवल्यावर घ्यावी," अशी हाक दिली, आणि बाजाराने जणू मोकळा श्वास सोडला. माणसं हसत जवळ आली, माल तासाभरात गेला. रिकामं पोतं खांद्यावर टाकून घरी जाताना तुळशीरामला वाटलं, चार दिवसांची गंमत आहे.

घरी गोजरबाई ओट्यावर बसली होती. त्याने पोतं टाकलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "जेवली का माय?"

म्हातारीने झटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला, परका पुरुष आल्यावर ओढावा तसा. "सूनबाई," ती आत तोंड करून म्हणाली, "कोन आलं वं?"

"कोन येते? तुमचाच लेक हाय," अन्नपूर्णा आतून म्हणाली.

तुळशीराम आईजवळ बसला आणि त्याने तिच्या हातावर हात ठेवला. गोजरबाईने तो हात उलटासुलटा करून चाचपला, बोटांवरचे विळ्याचे वण ओळखले. "हात तं माह्या तुळशीचा हाय," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, समजूत घातल्यासारखी: "गेलेल्या मानसाचा आवाज घरात नाई काढू, बापा. त्याचा जीव घुटमळते."

त्या संध्याकाळी अन्नपूर्णा चुलीपुढे बसून पुष्कळ बोलली. सारं गाव येडं झालं म्हणाली, कागदावरच्या माणसासाठी जित्या माणसाला तोंड उघडू देत नाहीत म्हणाली. "तुमी तुमच्याच आवाजात बोला. मी हाये ना आयकाले." तुळशीरामला ते बरं वाटलं. तरीही आईशी बोलायचं झालं, की तो कंपाउंडरसारखा नाकातून बोलू लागला, कारण तसं बोललं की ती पदर मागे सारी, हसे, आणि "आला का रे तुळशी?" म्हणे. मळ्यात पाणी वळवायला येणाऱ्या गड्याशी तो नायब तहसीलदारासारखा बोले. दिवसभर असं बोलून झाल्यावर अन्नपूर्णेपुढे स्वतःच्या आवाजात बोलायला तोंड उघडलं, की तोही क्षणभर थबके. तो आवाज कानांवर आला, की आपल्या मागे कोणीतरी भला माणूस उभा आहे असं त्याला वाटे, आणि त्या माणसाची कीव येई.

आता एकच आशा होती. केशवराव जिवंत निघाले, तर सगळं आपोआप पूर्ववत होणार होतं. अंक आला तेव्हा पाटलांच्या ओसरीवर उभ्याउभ्याच त्याने ती पानं चाळली. केशवरावांचं प्रेत जिन्याखाली सापडलं होतं. ते नदीवर नेऊन जाळलंही होतं. मागे कोणी नव्हतं, म्हणून अग्नी खानावळीतल्या गड्याने दिला. पुढे दोन कॉलम डॉक्टरची चौकशी होती, आणि खुनी कोण ते याही अंकात नव्हतं.

रविवारी त्याने ते पोथीच्या चालीवर वाचलं. केशवरावांचं एकही वाक्य त्यात नसल्यामुळे त्याचा स्वतःचा आवाज त्या दिवशी पारावर निघालाच नाही. वाचन संपलं तेव्हा गोजरबाई म्हणाली, "खानावळीतला गडी काय दहावं करनार हाय? ज्याचं कोनी नाई त्याचं गावानं करा लागते."

बेवारशी माणूस गावच्या शिवेत मेला, तर त्याचं गावाने करायचं, ही तिथली रीत होती, आणि ती पाटलांनीच आजवर सांभाळली होती. "केशवराव पुन्यात मेला," ते म्हणाले.

"पुन्यात कुठी?" गोजरबाई म्हणाली. "इथीच मेला. आमी सारे व्हतो."

पाटील काठी टेकून उठले आणि त्यांनी दहाव्यासाठी भटजींना निरोप धाडायला सांगितलं.

मंगळवारी, दहाव्या दिवशी, नाल्याकाठी पिंड ठेवला, तेव्हा सुरुवातीला त्यात थोडी थट्टाही होती. भाताबरोबर केशवरावांना खानावळीतलं पातळ वरण तेवढं नका वाढू, असं मोतीराम म्हणाला, आणि काहीजण हसले. पण ऊन वर आलं आणि पिंडाला कावळा शिवेना. बाभळीवर सात-आठ कावळे बसून होते. त्यातला एखादा खाली उतरे, भातापासून हातभर अंतरावर चालत येई, मान वाकडी करून बघे, आणि उडून जाई. थट्टा थांबली. कोणी म्हणालं, त्या खानावळवालीच्या पोराला आम्ही पाहू. कोणी म्हणालं, तुमच्या खुन्याला फासावर चढवू. कावळे जागचे हलले नाहीत. दर्भाचा कावळा करून शिववावा असं भटजींनी सुचवलं, ते पाटलांनी मानलं नाही.

"त्याच्या मनात काय राह्यलं ते उघड हाय," पाटील म्हणाले. "त्याले नाव सांगाचं व्हतं. सांगू देल्लं नाई त्याले."

"मंग आता कोन सांगनार?" मोतीरामने विचारलं.

एकेक करून सगळ्यांची तोंडं तुळशीरामकडे वळली. तो मागे, नाल्याच्या उतरणीवर उभा होता. गोजरबाईने माणसं वळल्याच्या चाहुलीवरून तिकडे हात पुढे केला आणि फार मऊपणाने म्हणाली, "केशवराव, बापा, सांगून टाक. मोकळा हो."

आई आपल्याला त्या नावाने हाक मारते आहे, हे कळायला तुळशीरामला थोडा वेळ लागला. खुन्याचं नाव त्याला माहीत नव्हतं; ते अजून छापून यायचं होतं. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळं गाव त्याचा आवाज ऐकायला तयार होतं. कानांवर हात न ठेवता, पदर न ओढता, श्वास धरून उभं होतं. या वेळी आपण स्वतःच्या आवाजात आपलं नाव सांगितलं, आणि सगळ्यांनी ते नीट ऐकलं, तर हा सगळा खुळेपणा इथेच संपेल, आई हात चाचपून नव्हे तर आवाजावरून ओळखेल, असं त्याला वाटलं. तो दोन पावलं पुढे आला. आईकडे बघून, त्याच्या अगदी रोजच्या आवाजात, तो म्हणाला, "तुळशीराम."

एक कावळा बाभळीवरून सरळ खाली आला आणि पिंडाला चोच मारून भात घेऊन गेला. त्याच्यामागे दुसरा आला, मग सगळे.

"शिवला का?" गोजरबाईने विचारलं.

"शिवला," कोणीतरी म्हणालं.

"हाव," म्हातारी म्हणाली. "आयकलं म्या."

त्याला कोणी धरलं नाही, कोणी शिवी दिली नाही. माणसं नाल्यात हातपाय धुऊन, चपला घालून, आपापसांत हलक्या आवाजात पिकापाण्याचं बोलत गावाकडे निघाली. तुळशीराम मोतीरामच्या मागोमाग चालू लागला, तेव्हा मोतीराम बाजूला सरकून थांबला आणि त्याला पुढे जाऊ दिलं, आणि मग बराच वेळ त्याच्या मागून येत राहिला. पाटलांनी वाटेत एकदा वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतके दिवस अडलेलं गणित सुटल्यावर माणूस जरा थकतो, तसे ते थकलेले दिसत होते. घराच्या वळणावर तुळशीरामने त्यांना हाक मारायला तोंड उघडलं. मी माझंच नाव सांगितलं, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण ते कोणत्या आवाजात म्हणावं हे त्याला ठरवता येईना, आणि तेवढ्यात पाटील वळून गेले.

दिवे लागायच्या सुमारास अन्नपूर्णेने त्याला ताट वाढलं. ज्वारीची भाकर होती, वांग्याची भाजी होती, कांदा होता. गोजरबाईने आज आपलं अंथरूण ओट्यावरून उचलून आतल्या कोपऱ्यात घालायला लावलं होतं, आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. त्याने नाकातल्या आवाजात "माय" म्हणून पाहिलं. ती जागी होती, पण वळली नाही.

अन्नपूर्णा त्याच्यासमोर बसली. तिने भाकरीचा चतकोर मोडून त्याच्या ताटात टाकला, तांब्या जवळ सरकवला, नेहमीसारखी भाजी हवी का ते पाहिलं. तिच्या तोंडावर भीती नव्हती, उलट फार माया होती. गुरुवारपासून ती एकटीच त्याच्या बाजूने बोलत आली होती, आणि अजूनही ती त्याच्याच बाजूने होती, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

"मी कोनाले सांगत नाई," ती हळूच म्हणाली. "पन काऊन मारलं हो तुमी त्याले?"

तुळशीरामने हातातला घास ताटात ठेवला. नाही म्हणायला एक क्षणही लागला नसता. पण तो क्षण गेला, त्याच्यामागून आणखी एक गेला, आणि अन्नपूर्णा वाट बघत बसली असताना त्याच्या ध्यानात आलं, की आपण कारण आठवून पाहतो आहोत.