जळतणाचा परवाना

१९४३च्या पौषात मोर्शीच्या रुख्मिणीला मुलगा झाला. वऱ्हाडात बाळंतिणीच्या बाजेखाली बारा दिवस निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा नुसता भडका होतो; निखारा धरतो तो बाभळीचा. बांधावरच्या बाभळी सरकारने लढाईसाठी नेल्या होत्या आणि बाजारात लाकडाचा भाव चौपट झाला होता. रुख्मिणीचा नवरा गोवर्धन याने जळतणासाठी तहसिलीत रीतसर अर्ज केला.

पाचव्या दिवशी शेगडी विझत आली आणि बाळाचे ओठ निळे पडले. गोवर्धनने पेरणीची बाभळीची तिफण अंगणात ओढली आणि कुऱ्हाड उचलली.

"काहून रे, पेरशील कायनं?" आई पार्बताबाईने विचारले.

"पेरणी जेठात हाय, माय. पोरगं आज हाय."

बाळ जगले. परवाना चैत्रात आला. सरकारी तत्परतेला ऋतूचे बंधन नसते. तिफणीपुरते लाकूड मिळेल म्हणून गोवर्धन सरकारी लाकडाच्या डेपोवर गेला. कारकुनाने हातभर लांबीचे तुकडे मोजून दिले.

"बाबूजी, एक तरी अख्खं द्या ना. तिफण कराची हाय."

"परवान्यात जळतण लिहिलं आहे. अवजारासाठी वेगळा अर्ज करा."

पार्बताबाईने ते तुकडे पडवीत रचले. "राहू दे," ती म्हणाली, "पुढच्या बाळंतपणाले कामी येतीन."

मृग लागल्यावर गोवर्धनने आठ एकरांत हाताने एकेक सरकी मातीत टोबली. रुख्मिणी मागून पायाने माती लोटत होती. बाळ झोळीत निजले होते.