मोरीच्या पाण्यावरची मेथी

मित्रांनो, मी एक मास स्पेक्ट्रोमीटर आहे. नाव घेताना जीभ अडखळली तर वाईट वाटून घेऊ नका, आमच्या लॅबचे मालकसुद्धा मला 'मोठं मशीन' म्हणूनच ओळखतात. नऊ वर्षांपूर्वी मी लाकडी खोक्यातून नाशिकला आलो. माझ्यासाठी थंडगार खोली बांधली, दारात नारळ फोडला. कुंकवाचं बोट लावलं, तो डाग अजून माझ्या पत्र्यावर आहे.

भाजी किंवा फळं बारीक करून त्यांचा अर्क माझ्यात सोडतात. प्रत्येक रसायनाच्या कणाचं वजन ठरलेलं असतं आणि ते मी इतकं बारीक मोजतो की जवळजवळ सारखी दिसणारी रसायनंही वेगळी ओळखतो. पिकावर फवारलेलं औषध माझ्यापासून लपत नाही. हो, विषाला शेतात औषधच म्हणतात. शिवाय कोणी विचारलं नसलं, तरी जे जे दिसलं त्याची नोंद मी ठेवतो.

निर्यातीच्या द्राक्षांच्या हंगामात मला उसंत नसते. परदेशी लोकांच्या पोटाची इथे फार काळजी घेतात. हंगाम संपला की मी नुसता गुणगुणत बसतो. नाशिककरांच्या ताटातली भाजी तपासायला वर्षभरात किती जण येतात, ते सांगायची मला लाज वाटते.

मला चालवते हर्षाली. सिन्नरजवळच्या खेड्यातली. वडिलांनी भाजीपाला पिकवून तिला एम.एस्सी.पर्यंत शिकवलं, याचा तिला कोण अभिमान!

गेल्या थंडीत लताबाई लॅबमध्ये आल्या. एकलहरे रस्त्यावरच्या मुलींच्या वसतिगृहात त्या स्वयंपाक करतात. मेथी निवडताना हाताला उग्र वास लागतो, चार मुलींना उलट्या झाल्या, पण भाजी तपासलेली आहे म्हणून कोणी ऐकत नाही, असं त्यांनी सांगितलं. पिशवीत मेथीची जुडी होती आणि भाजी पुरवणाऱ्याने दिलेल्या अहवालाची झेरॉक्स. हर्षालीने जुडी तपासली. एक कीटकनाशक मर्यादेच्या बारा पट निघालं.

झेरॉक्सवरचा अहवाल माझाच होता, अगदी स्वच्छ. आमच्याकडे नमुन्यावर नाव नसतं, फक्त नंबर असतो. हर्षालीने त्या नंबराची माझी जुनी नोंद उघडली. कीटकनाशक कुठेच नव्हतं, पण धुण्याच्या साबणाचा अंश होता. तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तो अहवालात आला नव्हता. साबण वाचून तिला घर आठवलं. तिच्या गावच्या घरामागे मोरीचं पाणी जिथे जिरतं, तिथे तिच्या आईचा मेथीचा वाफा आहे. तो फक्त घरच्या खाण्यासाठी. त्याच्यावर कधीच फवारा जात नाही.

तिने रजिस्टर काढून नंबरापुढचं नाव वाचलं. देवराम. तिचे वडील.

दुसऱ्या दिवशी देवराम आले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. त्यांनी काही नाकारलं नाही. वसतिगृहाने कागद मागितला, म्हणून चांगल्यातली जुडी आणून दिली, असं म्हणाले.

"घरच्यासाठी येगळा वाफा कोन ठेवत नाय? तू बी त्याच्यावरच वाढली."

"मग त्या पोरी कोणाच्या घरच्या, नाना?" हर्षालीने विचारलं.

एवढा मेथीचा प्लॉट निघेपर्यंत अहवाल थांबव, एवढंच देवरामांनी मागितलं. हर्षालीने अहवाल त्याच संध्याकाळी वसतिगृहाला पाठवला. त्या दिवसापासून देवराम लेकीशी बोलत नाहीत. वसतिगृहाने त्यांची भाजी बंद केली आणि मला वाटलं, चला, आपला जन्म कारणी लागला.

कसला कारणी! त्याच प्लॉटची मेथी दोन दिवसांनी बाजार समितीत गेली आणि दहा मिनिटांत तिचा लिलाव झाला. तिथे कागद कोण मागतं? ती मेथी तुमच्यापैकी कोणी खाल्ली, हे मला माहीत नाही.

परवा लताबाईंचा फोन आला. "ताई, आता मुलींसाठी भाजी कोनाकडून घेऊ? तुम्ही कोनाकडून घेता?"

हर्षालीने टेबलाखालच्या पिशवीकडे पाहिलं. बाप बोलत नसला, तरी आईची घरच्या भाजीची पिशवी दर आठवड्याला येते.

"माझी घरून येते," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी सांगणार नाही, ती नीट राखली जाते. मला दाखवाल तेवढंच मी मोजतो. माझा कागद पुढे करणाऱ्याला एवढंच विचारा, तुमची स्वतःची पोरं कुठल्या वाफ्यातली भाजी खातात?