झटत राहील

गोळीचा अर्धा तुकडा तळहाताला चिकटून राहिला — पांढरा, घामाने कडेला जरासा विरघळलेला — आणि आत्याबाई आ करून वाट बघत होत्या.

"निकाल राखून ठेवलास की काय माझा?"

तिने गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली, ओठ पुसले. नवऱ्याची ही आत्या. नवरा गेला, ही राहिली.

"मला सांभाळायलाच पाहिजे असा काही कायदा नाही हं, सूनबाई."

"नाहीच आहे. शोधला मी."

आत्याबाई खोकल्यासारखं हसल्या. खरंच नाही... जाताना नवऱ्याने वचनसुद्धा घेतलं नव्हतं, नुसतं या खोलीच्या दाराकडे बघितलं होतं. त्या बघण्याची अंमलबजावणी कोण करणार? काल फाइल संपेपर्यंत मी यांना ओल्या चादरीवर तसंच पडू दिलं — हाक ऐकू येत होती मला — आणि त्याची दाद कुठेच लागणार नाही. न्यायाधीशाच्या घरात तर नाहीच नाही.

कोर्टात, आपल्या खोलीत, ती निकाल सांगायला बसली. समोर लघुलेखक, पेन्सिल तासून तयार. अर्ज धुलाई कारखान्यातल्या बायकांचा : तान्ही मुलं कपड्यांच्या गाड्यांत निजवावी लागतात, वाफेने एकीच्या बाळाचा हात भाजला, तर सरकारने कामाच्या जागी मुलांसाठी खोली द्यावी. राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलंच होतं — अशा सोयीसाठी राज्य झटत राहील. आणि तिथेच पुढे हेही, की यासाठी कोणत्याही न्यायालयाला राज्यावर सक्ती करता येणार नाही. एका हाताने वाढायचं आणि दुसऱ्याने ताट झाकायचं...

"ती सदिच्छा आहे, मॅडम," सरकारी वकील सुनावणीत म्हणाले होते. "दारावर सुस्वागतम लिहिलं म्हणून येईल त्याला जेवायला घालावं लागत नाही."

सगळे हसले. मीही हसले — अगदी थोडं, ओठांच्या कोपऱ्यात — आणि नेमकं तेव्हाच त्या भाजलेल्या बाळाच्या आईने वर बघितलं.

"सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे," ती म्हणाली. पेन्सिल चालली, थांबली.

"संपलं, मॅडम?"

"नाही. लिहा. सक्ती करता येत नाही, याचा अर्थ राज्य मोकळं आहे असा नाही. ही खोली न देणं म्हणजे राज्याने स्वतःच्याच शब्दाकडे..." शब्द सुचेना. "पाठ फिरवणं आहे."

लघुलेखकाने चष्मा वर सरकवला. "हा हुकूम धरायचा, की नुसतं मत?"

"मत."

"आणि सरकारने नाहीच केलं तर?"

"तर काही नाही."

तो मान खाली घालून बसला. चांगला माणूस, टोमणा मारत नव्हता. काही नाही... पण 'झटत राहील' म्हणणारं ते कलम नसतं तर त्या बाईने माझ्याकडे तसं बघितलं तरी असतं का? आणि मला ते लागलं असतं का? एवढंच का ते कलम — कुणाला तरी लागावं म्हणून लिहून ठेवलेलं? आणि ज्याला लागतच नाही, त्याच्यापुढे?

"पुढे, मॅडम?"

तिने तोंड उघडलं. "या न्यायालयाला आशा आहे..." — आणि तो आवाज तिच्या ओळखीचा वाटेना, निकाल देणाऱ्याचा नव्हता तो, काहीतरी मागायला येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या कुणाचा तरी होता.